समजा काकाजी

आमच्याकडे सहल ठरत नाही, मंजूर होते. मंजुरी काकाजी देतात. कुणी सहज म्हणालं, "येत्या रविवारी तलावावर डब्बा पार्टी करू," की पोरं आधी ओसरीकडे बघतात. ओसरीवरचा पेपर तोवर खाली आलेला असतो आणि चष्मा कपाळावर गेलेला असतो. "करा ना. कोन नाही म्हनते? पण समजा..."

या 'समजा'ला आमच्या खानदानात कुणाकडे उत्तर नाही. समजा, गाडी जंगलात पंक्चर झाली. समजा, दुपारून आभाळ आलं. समजा, पोट्ट्यानं कमळ मागतलं अन् त्याच्या बापानं ते तोडाले हात लांब केला. काकाजींचं प्रत्येक वाक्य म्हणजे न घडलेल्या अपघाताच्या बातमीचा मथळा. गाव त्यांना पाठीमागे 'समजा काकाजी' म्हणतं. त्यांना ते ठाऊक आहे आणि त्याचा त्यांना राग नाही. उलट एकदा लग्नपत्रिकेवर कुणीतरी चुकून तसंच नाव घातलं, तर ती पत्रिका त्यांनी जपून ठेवली.

आता आमचा भाग असा की पाण्यावाचून सहल काढायची म्हटली तर जागा शोधावी लागेल. प्रतापगड म्हटलं की उरलेला महाराष्ट्र साताऱ्याकडे बघतो आणि अफझलखानाची गोष्ट काढतो. आमचं प्रतापगड गोंदिया जिल्ह्यातलं, अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं. डोंगरावर महादेव, त्याच डोंगराच्या आसऱ्याला ख्वाजा उस्मान हारुनींचा दर्गा, महाशिवरात्रीला यात्रा. जवळच तिबेटी लोकांची नोर्ग्येलिंग वसाहत, १९७२ पासूनची. एका अंगाला इटियाडोह धरण, दुसऱ्या अंगाला नवेगावबांध, आणि मधे जिकडे बघाल तिकडे मालगुजारांच्या काळातले तलाव. तलाव, धानाच्या बांध्या आणि जंगल यांच्यातून जी जागा उरली तिथं आम्ही राहतो.

काकाजी पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. गाढवी नदीवरचं इटियाडोह १९७० साली पुरं झालं, तिथलं पाणी नहरानं खाली वडसा-आरमोरीकडे जातं, आणि त्या नहराच्या काठाकाठानं सायकल हाणण्यात काकाजींची जवानी गेली. किती पाणी सुटलं, किती पोहोचलं, रात्री कुणी पाट फोडून आपल्या बांधीत वळवलं, सगळं तोंडपाठ. असा आयुष्यभर पाणी मोजलेला माणूस पाण्यात मात्र घोट्याच्या वर कधी उतरलेला नाही. काकाजींना पोहता येत नाही.

काकूंना येतं. काकू तलावाकाठच्या गावच्या. लहानपणी शिंगाडे काढायला पाण्यात उतरायच्या. आजही पदर खोचला तर या पाळीवरून त्या पाळीवर जातील. "सोयरिकीच्या वेळी माह्या बापानं शेती विचारली, नोकरी विचारली," त्या म्हणतात, "जवाई तरंगते का, हे काही विचारलं नाही." काकाजी अशा वेळी पेपरात तोंड घालतात. पेपर पालथा असला तरी चालतो.

असा माणूस तुमच्याही घरात असेल. गाडीच्या वेळेआधी तासभर स्टेशनवर जाऊन बसणारा, कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघणारा, लग्नाच्या हॉलमध्ये शिरल्याबरोबर बाहेर पडायचा दुसरा दरवाजा कुठं आहे ते विचारणारा. गोंदिया-चंद्रपूर लाइनवरची गाडी कधी वेळेवर येते म्हणून आमचे काकाजी देऊळगाव स्टेशनावर पहाटेच हजर होतात, देव जाणे. पण घराच्या कुलपावर आणि गाडीवर एवढा जीव टाकणारा माणूस पाण्याच्या बाबतीत काय करत असेल, याची कल्पना तुम्हाला असल्या एखाद्या मामावरून किंवा मेव्हण्यावरून येणार नाही. त्यासाठी आमच्याकडे एक रविवार काढावा लागेल.

तर मंजुरी. पहिला नकार ठरलेला असतो, तो इटियाडोहच्या सांडव्याला. श्रावण-भादव्यात धरण भरलं आणि सांडव्यावरून पाणी पडायला लागलं, की सगळा जिल्हा फटफटीवर बसून तिकडे निघतो. मोबाईलवर फोटो येतात: पांढरं पाणी, काळा दगड, दगडावर हात पसरलेला कुणाचा तरी भाचा. काकाजी तो फोटो दोन बोटांनी मोठा करून बघतात. भाच्याकडे नाही, त्याच्या पायाखालच्या दगडाकडे. "हिरवा दिसते का? शेवाळ हाय. त्याच्यावर बकरी उभी रायत नाही, अन् हा रायला." मग धरणाची तब्येत सांगतात. वर पाऊस झाला की खालचं पाणी कुणाला न विचारता वाढतं. नहर तर त्याहून लबाड: वरून शांत, आतून जोरात, आणि काठ असे घसरडे की हाताला धरायला काही सापडत नाही. "पानी ओळखदेख ठेवत नाही," हे त्यांचं दुसरं आवडतं वाक्य. "मी तीस वर्सं त्याची नोकरी केली. मलेही ओळखत नाही."

उन्हाळ्यात जाऊ म्हटलं तर उन्हाळ्याचे वेगळे समजा आहेत. पाणी मागे सरकलं की काठाचा गाळ उघडा पडतो. वरून वाळून पापुद्रा धरतो, खाली तसाच लोण्यासारखा. मृगात जाऊ म्हटलं तर वीज. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं वीज पडायच्या आधी सावध करणारं 'दामिनी' नावाचं ॲप काढलं आहे. काकाजींच्या फोनमध्ये नातवंडांचे फोटो बसत नाहीत, पण दामिनीला जागा आहे. गडगडाट ऐकू आला की पाण्यातून बाहेर, झाडाखाली नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत पाण्याकडे तोंड करायचं नाही, हा नियम त्यांनी एकदा भर अंगणात, हौदात पाय सोडून बसलेल्या दोन वर्षांच्या नातीलाही लावला.

म्हणून आमची सहल हिवाळ्यात असते आणि नवेगावबांधला असते. थंडीत पाणी पोहायला बोलावत नाही, हे काकाजींचं गणित. आमच्या मते पाहुण्यांना दाखवायलाही ती जागा बरी. सात बहिणी म्हणतात त्या डोंगरांच्या मधलं ते एवढं थोरलं पाणी, मधे मालडोंगरीचं बेट, आणि हिवाळ्यात कुठून कुठून आलेली बदकं. काकाजी पाखरांच्या बाबतीत कच्चे आहेत. पाण्यावर बसलं ते बदक आणि झाडावर बसलं ते पाखरू. पण मारुती चितमपल्लींचं 'नवेगावबांधचे दिवस' ते प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून दरवेळी सोबत नेतात आणि एक पानही न वाचता परत आणतात. विचारलं तर म्हणतात, "समजा, कोनी विचारलं."

सहलीच्या आधीच्या गुरुवारी ओसरीवर बैठक होते. हजेरी सक्तीची. काकाजी लाल पुठ्ठ्याची वही काढतात; खात्यात पाणीपाळीचं टिपण ठेवायची सवय, ती अशी सहलीवर उतरली आहे. रकाने आखलेले: कोण कोणत्या गाडीत, कोणाला दमा, कोणाला साखर, कोणाला पोहता येतं. या शेवटच्या रकान्यापाशी भांडण हमखास. आमच्या घरचे सगळे पुरुष पोहता येतं म्हणून सांगतात. काकाजी विचारतात, "कपड्यानिशी? बुटानिशी? कोनी गळ्याले मिठी मारली तर?" मग एकेक पुरुष रकान्यातून खाली उतरतो. शेवटी काकूंचं नाव उरतं. त्या आतून ओरडतात, "मले नोका धरू, मले पुऱ्या तळाच्या आहेत."

त्यानंतर पाणीराख्याची नेमणूक. पोरं पाण्याजवळ असेपर्यंत एका मोठ्या माणसानं फक्त पाण्याकडे बघायचं. पत्ते नाहीत, गप्पा नाहीत, मोबाईल तर काकाजींच्या पिशवीत जमा. अर्ध्या तासाने दुसरा. लहान पोर हाताच्या अंतरावर पाहिजे, "हाक मारन्याच्या अंतरावर नाही." याचं कारण ते असं सांगतात की बुडणारा माणूस ओरडत नाही. ओरडायला श्वास लागतो, आणि तोच तर त्याच्याकडे नसतो. "बोंबलून बुडते तो सिनेमातला. खरा बुडते तवा बाजूच्याले वाटते, खेळून रायला." हे सांगताना बैठकीत हसणारं कुणी उरत नाही. मग काकाजींनाच अवघडल्यासारखं होतं आणि ते चहा मागवतात.

चहानंतर प्रात्यक्षिक. तहसिलीतल्या कुठल्याशा प्रशिक्षणात त्यांनी छाती दाबून श्वास द्यायचं शिकून घेतलं आहे. ते दाखवायला माणूस लागतो. कुणी आडवं व्हायला तयार नसतं, म्हणून दिवाणावरचा लोड खाली येतो. आमच्याकडे जुनी समजूत अशी की बुडालेल्याला बाहेर काढलं की घागरीवर पालथं घालायचं किंवा पाय धरून फिरवायचं, म्हणजे पोटातलं पाणी निघतं. काकाजींना या समजुतीचा भयंकर राग. पाणी काढण्यात जी मिनिटं जातात त्यात माणूस जातो. आधी तोंडानं श्वास, मग छातीच्या मध्यावर तळहात. तीस दाब, दोन श्वास, मिनिटाला शंभर ते एकशेवीसच्या चालीनं, आणि कुणीतरी तोवर १०८ ला फोन लावलेला. लोडाला ते असं काही जीव तोडून दाबतात की शिवण उसवते. गेल्या वेळी काकू सांडशी घेऊन दारात आल्या आणि म्हणाल्या, "तो गेला. आता कापूस बाहेर आला त्याचा. सोडा त्याले." नवीन खोळ होती.

बैठकीइतकंच महत्त्वाचं दुसरं काम काकाजी एकटेच करतात, आणि त्याची वाच्यता करत नाहीत. सहलीच्या दोन दिवस आधी ते स्कूटरवर बसून पाहणीला जातात. मी एकदा मागे बसून गेलो होतो. तलावाशी पोहोचल्यावर ते ना फलक वाचत ना पाण्याकडे बघत; सरळ काठावर जाळं दुरुस्त करत बसलेल्या एका म्हाताऱ्या ढिवरापाशी जाऊन उकिडवे बसले. तंबाखूची देवाणघेवाण झाली. मग एकेक प्रश्न. गाळ कुठं? कमळाचे देठ कुठं? उतार कुठं एकदम तुटतो? म्हातारा जाळ्यातली मान वर न करता हाताच्या कोपरानं दाखवत होता आणि काकाजी वहीत नकाशा काढत होते. कमळाच्या देठांत पाय गुंतला की ओढू नये, जितकं ओढावं तितकं आवळतं. पाण्याला पाठ टेकून हळूच सोडवावं, हे तिथं कळलं. पाणी सोडायच्या तुडुमाजवळ तर फिरकूच नये, ओढ असते. शेवटी म्हाताऱ्याने विचारलं, "तुमाले पोहता येते का जी?"

"नाही," काकाजी म्हणाले.

"मंग ठीक हाय. येनारेच बुडतेत."

परत येताना काकाजी एवढे खुशीत होते की स्कूटर चाळीसच्या वर गेली.

याच वाटेवर त्यांनी मला त्यांचा सिद्धांत सांगितला, आणि तो मला आजवर खोडता आलेला नाही. नवेगावचा हा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला असं मानतात. तलाव बांधणं हा कोहळी लोकांचा पिढीजात हुन्नर. आमच्या मुलखातले कितीतरी तलाव त्यांच्या हातचे. "आता हे सांग," काकाजी म्हणाले, "पाळ घातली, पानी अडलं, काम झालं. तरी बाजूनं सांडवा काहाले ठेवला? कारन तो पाटील मनात बोलला असन, समजा, पाऊस जास्त पडला. तो 'समजा' नसता बोलला, तं पहिल्याच पावसात पाळ फुटली असती." आणि मग मागे वळून, हँडल सोडून नव्हे पण मान पुरती वळवून, "समजा म्हननारे लोक नसते तं एक तलाव उरला नसता या जिल्ह्यात." समोरून बैलगाडी येत होती. समजा न म्हणता मी ओरडलो.

सहलीच्या दिवशी निघायची वेळ सातची असते आणि आम्ही आठ वाजता निघतो, म्हणून काकाजी वहीत सहा लिहितात. त्यांचा पोशाख ठरलेला. तिबेटी कॅम्पातल्या एका बाईकडून घेतलेला मरून स्वेटर, गळ्यात शिट्टी, खांद्यावर दोरीचं वेटोळं, आणि त्या दोरीच्या टोकाला पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन. कॅनमध्ये तळाशी थोडं पाणी ठेवून झाकण घट्ट लावलेलं. तळाचं पाणी अशासाठी की कॅन अगदी हलका असला तर वाऱ्याने फेक चुकते. आणि वरची हवा अशासाठी की तो तरंगतो आणि बुडणाऱ्याला कवटाळता येतो. "उडी नाही, दोरी," हे त्यांचं तिसरं वाक्य. वाचवायला उडी मारणारा दुसरा बुडतो, त्याला वाचवायला तिसरा. काठावर आडवं पडून काठी द्या, पंचा द्या, दोरी फेका. आपण काठ सोडू नका. हा कॅन घेऊन ते गाडीत बसले की जागा दोन माणसांची जाते, आणि काकूंच्या मांडीवर पुरीचा डबा आणि डोक्यावर कॅन असा प्रवास होतो.

तलावावर पोहोचलं की माणसं मोजायची. जेवणाआधी मोजायची, जेवणानंतर मोजायची, निघताना मोजायची. मधेच वाटलं म्हणूनही मोजायची. एकदा एक माणूस जास्त भरला. चौकशीअंती तो शेजारच्या पार्टीतला निघाला. आमच्या भरल्या वांग्याच्या वासानं रांगेत येऊन उभा राहिला होता. काकाजींनी त्याला वाढून, मोजून, परत पाठवलं. चूल मात्र तिथं पेटवू देत नाहीत. व्याघ्र प्रकल्पाचं जंगल, वाळलेला पाला, एक ठिणगी पुरते. म्हणून सगळं घरूनच. ज्यांना रोडगे गोवऱ्यांवर भाजूनच पाहिजेत त्यांनी शेतात भाजावे. अत्तर लावून आलेल्या एका भाचसुनेला तर त्यांनी गाडीतच बसवून ठेवायचं म्हटलं होतं, कारण समजा, वर आग्या मोहोळ असलं. शेवटी ओल्या पंचानं हात-मान पुसून तिची सुटका झाली. स्पीकरवर गाणी वाजवायची नाहीत, याला मात्र कारण सांगत नाहीत. नुसतं पाण्यावरच्या बदकांकडे बोट दाखवतात, जणू ती पाव्हणी त्यांनीच बोलावली आहेत.

नावेत बसायचं तर जॅकेट, आणि जॅकेट म्हणजे अंगावर, बंद लावून; मांडीखाली घेऊन बसण्यासाठी नव्हे. दोन वर्षांपूर्वी आमच्या एका तरण्याबांड पुतण्यानं जॅकेट नको म्हणून हट्ट धरला, फोटोत जाड दिसतो म्हणाला. काकाजी त्याच्याशी वाद घालायला बसले नाहीत. फक्त वेणा म्हणाले. २०१७ च्या जुलैत नागपूरजवळच्या वेणा जलाशयात सहलीला गेलेल्या तरुण पोरांची नाव उलटली आणि त्यातली आठ गेली. वेणाविषयी बोलताना काकाजी 'समजा' म्हणत नाहीत. पुतण्यानं जॅकेट घातलं. गळ्याचा शेवटचा बंद काकाजींनी स्वतः लावला, जरा जास्तच घट्ट.

आणि इतकं करून, इतक्या वर्षांत, तो कॅन कामी आला तो एकदाच. पुण्याहून आलेले जावईबापू काठावर उभे राहून फोटो काढत होते. त्यांची सँडल, अशातली की जिची किंमत ऐकून काकू म्हणाल्या होत्या की एवढ्यात बकरी येते, ती पायातून निसटून पाण्यात गेली आणि डुलत डुलत निघाली. जावईबापू तिच्यामागे दोन पावलं गेले. तिसऱ्या पावलाला गुडघ्यापर्यंत गाळात. पाय ओढायला गेले तर दुसराही रुतला. पाणी कमरेलाच होतं, म्हणून आम्ही आधी हसलो. मग जावईबापूंचा चेहरा बघून हसणं थांबलं. त्यांची बायको पुढे धावली, तशी शिट्टी वाजली. एवढ्या वर्षांत ती शिट्टी आम्ही मोजणीसाठीच ऐकली होती. त्या दिवशीचा आवाज वेगळा होता. बायको जागच्या जागी थांबली.

काकाजींनी कॅन फेकला. तो काकूंच्या पुरीच्या डब्यावर पडला. त्यांनी तो शांतपणे ओढून घेतला, दोरी पुन्हा गोळा केली, आणि दुसऱ्यांदा फेकला. या वेळी कॅन जावईबापूंच्या कुशीत. "मिठी मारा त्याले. अन् उभे नोका राहू, आडवे व्हा. पालथे. गाळावर उभं रायलं का खाली जाते, आडवं झालं का सोडते." पुण्याचा संगणक अभियंता भर दुपारी तेलाच्या कॅनला मिठी मारून तलावात पालथा झाला, आणि आम्ही सगळ्यांनी बैलपोळ्याच्या उत्साहात दोरी ओढली. सुटका झाली. सँडल दोन्ही गेल्या.

आम्हाला वाटलं, आता काकाजी बोलणार. आयुष्यभर ज्या क्षणाची वाट पाहिली तो क्षण. आता तासभर सुटका नाही. ते वडाच्या पारावर बसले, वही काढली, आणि मोठ्यानं म्हणत लिहिलं, "सँडल, दोन नग, गेल्या. पुऱ्या, अंदाजे पंधरा, दबल्या." बस. जावईबापूंच्या अंगावर स्वेटर टाकला तो त्यांनीच. तो स्वेटर आता पुण्याला आहे, आणि काकाजींनी त्याच बाईकडून त्याच रंगाचा दुसरा घेतला आहे. समजा, पुढच्या वर्षी पुन्हा कोनी.

परतीच्या वेळचा शेवटचा विधी म्हणजे कचरा. आणलं तेवढं परत न्यायचं, हा नियम. पत्रावळी पळसाच्या, पाणी घरच्या मडक्यातलं. राज्यात प्लास्टिकबंदी आली २०१८ मध्ये, काकाजींच्या घरात ती त्याच्या बऱ्याच आधीपासून आहे. भांडण होतं ते वेगळ्याच कारणावरून. काकाजींना दुसऱ्याचा कचराही दिसतो. निघता निघता ते कुरकुऱ्यांची पाकिटं, बाटल्या, कुणाच्या वाढदिवसाचे फुगे असं वेचायला लागतात, आणि पोतं भरतं. ते पोतं आमच्या गाडीतून आमच्या अंगणात येतं. काकू दारातच उभ्या असतात. "लोक तलावाहून मासोळी आणतेत," त्या म्हणतात. "आमचे हे पाहा." बाटल्यांपैकी काहींवरचा मजकूर असा असतो की शेजारी दोन दिवस काकाजींकडे वेगळ्या नजरेनं बघतात.

हे सगळं ऐकून तुम्ही म्हणाल, मग त्यांना न सांगता का जात नाही? गेलो होतो. पोरांनी मोबाईलवर वेगळा गट काढला, गुपचूप बेत ठरवला, पहाटे निघालो. तलावावर पोहोचलो तेव्हा कुणालाच काही सुचेना. पोरं पाण्याकडे गेली की चारही बाया एकदम उठायच्या. पुरुष पत्ते पिसत होते, पण कुणी वाटत नव्हतं. दर पाच मिनिटांनी कुणीतरी माणसं मोजायचं आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा. अकरा वाजता एका भाच्यानं न विचारता काकाजींना फोन लावला. ते गोंदियाहून येणाऱ्या गाडीनं देऊळगावला उतरलेले होते. कॅन सोबत होता.

यंदा त्यांनी जरा मोठी झेप घेतली आहे. नवेगाव नको, तिरोड्याकडचा बोदलकसा बघू म्हणतात. नवीन पाणी, म्हणून नवीन वही. परवाच्या बैठकीत ती हातोहात फिरली. त्यात या वेळी एक रकाना जास्तीचा होता: 'बुडण्याची शक्यता, उतरत्या क्रमाने.' जावईबापूंना आपलं नाव पहिलं असेल असं वाटत होतं, म्हणून त्यांनी फोनवरून फोटो मागवला. पण ते दुसरे होते. पहिल्या क्रमांकावर काकाजींनी स्वतःचं नाव घातलं होतं. आणि शेजारच्या 'यांना कोण वाचवेल' या रकान्यात काकूंचं.

काकूंनी चष्म्याशिवाय वही दूर धरून ते वाचलं. दोनदा वाचलं. मग वही मिटून त्यांच्या मांडीवर टाकली आणि म्हणाल्या, "मंग त्या दिवशी पुऱ्या कोन तळंल, तेही लिहा."

काकाजींनी पेन उघडलं.